घोगऱ्यांच्या घरातला कमावता

घोगऱ्यांच्या घरात सकाळी आधी वजीर जेवतो, मग माणसं. वजीर म्हणजे देवणी जातीचा वळू. अंग पांढरं शुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, कान लोंबते, आणि चालणं असं की वाटेत सरपंच भेटला तर बाजूला सरपंचानं व्हायचं. निलंगा, चाकूर, उदगीर, पार कर्नाटकातल्या भालकीपर्यंतचे लोक आपापल्या गाई टेम्पोत घालून वजीरच्या दारी आणत. ‘वजीरच्या दारी’ असंच म्हणत सगळे. दार खरं तर बजरंग सटवाजी घोगरे याचं होतं. दारावर तशी पाटी होती आणि पाटीवर नावापुढे एम.ए., बी.एड. असंही रंगवलेलं होतं. पण गाईवाल्यांना पाटी वाचायचं काही कारण पडत नसे.

देवणीच्या अलीकडच्या या वाडीत बजरंग माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचा. शाळा विनाअनुदानित. हा शब्द ज्यांना ठाऊक नाही ते नशीबवान. त्याचा अर्थ एवढाच, की शाळा खरी, फळा खरा, पोरं खरी, हजेरीपटही खरा, पगार तेवढा पुढच्या वर्षी. हे पुढचं वर्ष चौदा वर्षं झाली, येऊनच राहिलं होतं. संस्थेचे अध्यक्ष अण्णा दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे राहून सांगायचे, की फाईल मुंबईला पोचली आहे. ती फाईल पायी निघाली असती तरी एव्हाना दोनदा जाऊन आली असती. दिवाळीला अण्णा प्रत्येक शिक्षकाच्या हातात एक पाकीट ठेवायचे. बजरंग ते पाकीट घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून उघडायचा.

पण गाव त्याला ‘सर’ म्हणायचं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. चावडीपुढच्या बाकावर तो आला की माणसं सरकून जागा द्यायची. त्या एका शब्दावर बजरंगनं चौदा वर्षं काढली. आणि त्यातली अलीकडची वर्षं वजीरवर काढली, पण ते तो बोलून दाखवत नसे. घरातलं राशन, आई विठाबाईच्या गुडघ्याची औषधं, लातूरला क्लासला ठेवलेल्या थोरल्या लेकीची फी, सगळं त्या वळूच्या कमाईवर चालायचं. कुणी विचारलंच की घर कसं भागतं, तर बजरंग म्हणायचा, थोडंफार पशुसंवर्धन आहे. गाय दारात आली की हा वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जायचा. सरांनी अशा जागी उभं राहणं बरं दिसत नाही, असं त्याचं मत. बाहेरचा सगळा कारभार बायको पुनम बघायची. गाईवाल्याशी बोलणं, पैसे घेणं, वजीरला धरणं, सगळं तीच.

तशात एका सकाळी त्याला शाळेला उशीर झाला आणि त्यानं चुलीपुढे बसून भाकरी मागितली. विठाबाई टोपल्यात पेंड कालवत होती. ती मान वर न करता म्हणाली, “दम धर की बजरंगा. आधी त्याला टाकू दे. कमावतं हाय त्ये.”

म्हातारीच्या मनात काही नव्हतं. सटवाजी जिवंत होता, औत हाकत होता, तेव्हा पहिलं ताट सटवाजीचं. कमावत्याच्या पोटात आधी पडावं, ही त्या घरातली रीत, आणि म्हातारी रीत सांभाळत होती. पण बजरंगच्या ते जिव्हारी लागलं. माणसानं माणसाचा हेवा करावा, भावानं भावाचा करावा, ते समजू शकतं. एम.ए., बी.एड. झालेल्या माणसानं बैलाचा हेवा करायचा म्हणजे तो सांगायचा तरी कुणाला? तो भाकरी न खाताच शाळेत गेला आणि दिवसभर नववीच्या वर्गावर चिडत राहिला.

खरं बघता वजीरला वाढवला होता त्यानंच. पुनमच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला कपिला नावाची गाय आंदण दिली होती. त्याच गाईचं वजीर हे शेवटचं वासरू. तो आठवड्याचा असताना कपिलाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि ती गेली. पुनम रडून रडून आजारी पडली, तेव्हा वासराला बाटलीनं दूध पाजायचं काम बजरंगकडे आलं. नेमकं त्याच वर्षी नववीचं पुस्तक बदललं होतं. बी.एड.ला त्याला शिकवलं होतं, की पाठ मोठ्यानं म्हणून तयार करावा. घरात आईचा टीव्ही चालू, अंगणात माणसं, तेव्हा निवांत जागा म्हणजे गोठा. एका हातात बाटली, एका हातात पुस्तक, असा तो रोज सकाळी वासरापुढे उभा राहून पाठ घ्यायचा. बाटली सुटली, पेंड आली, वासराचा वळू झाला, पण सकाळचा पाठ काही सुटला नाही. टोपलं पुनम आणून ठेवायची, बजरंग गव्हाणीपुढे उभा राहून शिकवायचा, वजीर कान हलवत खायचा. बजरंगला वाटायचं, आपण आपली तयारी करतोय. वर्गात गेल्यावर ती तयारी वाया जायची. निम्म्या वर्गाचं लक्ष लातूरच्या क्लासकडे असायचं आणि निम्म्या वर्गाचं खिडकीबाहेरच्या क्रिकेटकडे.

अशात अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची दिवाळी. सासुरवाडीला बोलावणं येतं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, तेहतीस अनारशांचं ताट देतात, वर कपडे, ऐपत असेल तर चांदी. धार्मिक अंगानं जावई विष्णुस्वरूप. पण विष्णूचीसुद्धा पगारावरून प्रतवारी होते, हे बजरंगला नांदेडला कळलं होतं.

पुनमचं माहेर नांदेडचं. सासू धोंडाबाई हिला तीन जावई. थोरला व्यंकट सरकारी कार्यालयात, धाकटा आलोक पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत, आणि मधला बजरंग. मागच्या धोंड्याला व्यंकटचा पाट पंख्याखाली होता, आलोकचा कूलरपुढे, आणि बजरंगचा मोरीच्या दाराशी. येणारा जाणारा हात धुवायला त्याच्या अंगावरून जात होता. त्या दोघांना चांदीची निरांजनं मिळाली, याला स्टीलचं ताट आणि टॉवेल-टोपी. शेजारची बाई आली तेव्हा धोंडाबाईनं ओळख करून दिली, हे आमचे इंजिनेर, हे आमचे सायेब, आणि हे बजरंगराव, हे पण असतात शाळेत. त्यातला तो ‘पण’ बजरंगनं तीन वर्षं उराशी जपून ठेवला होता.

आता पुन्हा तो पाट, पुन्हा ती मोरी. त्याची झोप उडाली. त्यातच अण्णांनी शिक्षकांना बोलावून सांगितलं, की या खेपेला अनुदान खरोखर मंजूर होतंय. यादी वर जायची आहे. नावं खूप आणि जागा थोड्या. संस्थेच्या इमारतीला हातभार लावण्याइतकं ज्याचं मन मोठं, त्याचं नाव वर. अण्णा माणूस मृदू. मन किती मोठं असावं, तो आकडा त्यांनी प्रत्येकाला वेगळा बाजूला घेऊन सांगितला.

एवढं मोठं मन बजरंगकडे एकाच ठिकाणी होतं आणि ते गोठ्यात बांधलेलं होतं.

भालकीचे राजशेखर अप्पा दोन वर्षांपासून वजीरच्या मागे होते. मोठा बागायतदार माणूस, दारात देवणी गाईंचा कळप, त्याला साजेसा वळू हवा होता. प्रदर्शनात वजीरनं पहिला नंबर काढल्यापासून त्यांचा फोन महिन्याला यायचा आणि पुनम महिन्याला नाही म्हणायची. या खेपेला बजरंगनं स्वतः फोन लावला. देवणीच्या एका हॉटेलात चहा पिता पिता सौदा झाला. अप्पांनी इसार म्हणून नोटांचं एक बंडल त्याच्या हातात ठेवलं आणि ठरलं, की रविवारी नांदेडचं धोंडे जेवण उरकू द्यायचं आणि सोमवारी वजीरला न्यायचं. पुनमला त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. आधी पगार पक्का होऊ दे, मग सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. वाईट काम करताना माणसाला ‘मग सांगू’ हे फार सोपं वाटतं.

नांदेडला जाताना एस.टी.त त्यानं सगळं मनात जुळवून ठेवलं. पंगत बसेल, पहिला धोंडा ताटात पडेल, तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणायचं, मामा, आमचा पगार सुरू होतोय. आणि मग सगळ्यांची तोंडं बघत सावकाश जेवायचं.

पण नांदेडला पोचल्यावर भलतंच घडलं. धोंडाबाई फाटकापर्यंत सामोरी आली. तिनं त्याच्या पायावर स्वतः पाणी घातलं, आतून खुर्ची मागवली. पाट मांडले तर पंख्याखालचा पाट त्याचा. व्यंकट मोरीच्या दाराशी, तोही हसतमुखानं. पहिला धोंडा बजरंगच्या ताटात, त्यावर तुपाची अशी धार की धोंडा दिसेना. ओवाळणीच्या ताटात चांदीचं निरांजन. बजरंगला वाटलं, अनुदानाची बातमी नांदेडला पोचली. तो खुलला. न विचारता त्यानं शिक्षणाच्या दर्जाबद्दल बोलायला सुरुवात केली. ग्रामीण भागातला शिक्षक म्हणजे देशाचा कणा, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सासरे घास खाली ठेवून म्हणाले, ते सगळं खरं बजरंगराव, पण आधी वजीरची तब्येत सांगा.

बजरंग थबकला. व्यंकटनं लगेच फोन काढला. वजीर प्रदर्शनात चालतोय असा कुणीतरी घेतलेला व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला होता, आणि व्यंकटच्या साहेबानं तो व्यंकटलाच दाखवला होता. व्यंकट साहेबाला म्हणाला, हे तर आमचं घरचं जनावर. तेव्हापासून साहेब त्याला चहाला बोलावतो. आलोकच्या फोनवर तर वजीरचा फोटोच लावलेला होता. पुण्याला त्याच्या कंपनीतली पोरं विचारतात म्हणे, तुझ्या साडूचा बैल कसा आहे. पंगतीत एकच विषय झाला. वजीर काय खातो, किती खातो, त्याला डास चावतात का, त्याचा स्वभाव कसा, दगदग फार होत नाही ना. बजरंगला कुणी विचारलं नाही, की बाबा तू कसा आहेस. पंखा, पाट, तूप, चांदी, सगळं वजीरचं होतं. हा फक्त ते स्वीकारायला आला होता.

तेवढ्यात धोंडाबाई आतून एक गाठोडं घेऊन आली. त्यात वजीरसाठी झूल होती. लाल मखमल, सोनेरी जर, आरसे, कडेनं गोंडे. बजरंगला मिळालेला सफारीचा कपडा त्या झुलीपुढे पायपुसण्यासारखा दिसत होता. धोंडाबाईनं झूल पुनमच्या ओटीत घातली आणि डोळ्याला पदर लावला. “जावई तीन हायती मला, तिन्ही गुणाचे. पण नाव काढलं ते माझ्या कपिलाच्या लेकरानं.”

पगाराची बातमी बजरंगच्या गळ्यात धोंड्यासकट अडकली. इसाराचं बंडल घरच्या पेटीत होतं आणि घाम इथं नांदेडला, पंख्याखाली फुटत होता.

परतीच्या वाटेवर उदगीरला बस बदलायची होती. स्टँडवरच्या बाकड्यावर पुनम झूल मांडीवर घेऊन बसली होती. गोंडे मोजत होती, आरशांवरून बोट फिरवत होती, घरी गेल्या गेल्या वजीरच्या अंगावर टाकून बघू म्हणत होती. अजून थोडा वेळ गप्प राहिलो तर आपण माणसातून उठू, असं बजरंगला वाटलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. सौदा, इसार, अण्णांची यादी, सोमवार.

पुनमचं बोट आरशावरच थांबलं. गाडी लागल्याची घोषणा झाली तरी उठली नाही. मग तिनं झुलीची घडी घातली, पिशवीच्या तळाशी ठेवली आणि वर साड्या ठेवल्या.

“इकलं तर इकलं,” ती म्हणाली. “पर मला इचारायचं तरी. गाय माझ्या आंदणात आल्ती.”

आपण हे पगारासाठी केलं, घरासाठी केलं, असं काहीतरी बजरंग पुटपुटला.

“पगार मी मागितला व्हता का कधी?”

खरोखरच कुणी मागितला नव्हता. ना बायकोनं, ना आईनं, ना लेकीनं. चौदा वर्षं तो स्वतःच स्वतःकडे पगार मागत होता आणि स्वतःच स्वतःला तो देऊ शकत नव्हता.

सोमवारी अप्पांचा टेम्पो आला. शब्द दिला होता, इसार घेतला होता, मागे फिरणं बजरंगला जमलं नाही. विठाबाईनं वजीरला कुंकू लावलं. पुनम चुलीपुढून उठली नाही. वजीर मात्र स्वतःहून फळीवरून टेम्पोत चढला. त्याला वाटलं असणार, आणखी एक प्रदर्शन आहे. अप्पांनी उरलेले पैसे मोजून दिले आणि बजरंगनं ते पेटीत ठेवून कुलूप लावलं. अण्णा फाईलच्या मागे मुंबईला गेले होते, ते आठवड्यानं येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाईनं पहिलं ताट बजरंगपुढे ठेवलं. “घे बाबा,” ती म्हणाली. “आता तूच कमावता.” म्हातारी टोमणा मारत नव्हती, तिच्या आवाजात कौतुकच होतं, आणि तेच जास्त लागलं. किती वर्षं या पहिल्या ताटासाठी तो झुरला होता. आता ते पुढ्यात होतं आणि घास तोंडात फिरत होता. अर्धी भाकरी टाकून तो उठला. सवयीनं पुस्तक घेऊन गोठ्यात गेला, रिकाम्या गव्हाणीपुढे उभा राहिला, आणि तसाच परत आला. त्या दिवशी तो पाठाची तयारी न करताच वर्गात गेला. फरक कुणालाच कळला नाही.

घरात पुनम कामापुरतं बोलायची. दारात गाईचे टेम्पो यायचे, ती सांगायची वजीर गेला, आणि ते आल्या पावली परत जायचे. चावडीपुढच्या बाकावर लोक सरकून जागा द्यायचे, पण बसल्यावर विचारायचे, सर, असं कामून केलंत? त्या बाकावर आपल्याला जागा मिळते ती कुणामुळे, हा प्रश्न बजरंगला आता नव्यानं पडला.

गुरुवारी नववीचा तास चालू असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तोडला. पुन्हा वाजला, पुन्हा तोडला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वर्गच म्हणाला, घ्या की सर, काहीतरी अर्जंट असेल. पोरांना तेवढाच विसावा. बजरंगनं फोन उचलला. फोन जुना, आवाज फुल्ल, पलीकडचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत जायचं. अप्पा बोलत होते, आणि त्या जाड्याभरड्या माणसाचा आवाज पार पडला होता.

वजीर खात नव्हता. आल्यापासून पाण्याशिवाय काही नाही. डॉक्टर येऊन गेला, ताप नाही, पोट साफ, दुखणं काही नाही. पेंड घातली, गूळ घातला, कोवळा मका घातला. वास घेतो आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहतो. पोट खपाटीला गेलं होतं.

“सर, तुमी त्याला काय घालत होतात?”

बजरंगनं सांगितलं, तीच पेंड, तोच कडबा.

“मग घालताना काय करत होतात? आठवा जरा.”

“काही नाही,” बजरंग म्हणाला. “मी आपला शिकवायचो.”

“कुनाला?”

बजरंगनं वर्गाकडे पाहिलं. पहिल्यांदाच सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. खोटं बोलावं तर जनावर उपाशी होतं.

“वजीरला.”

वर्गात कुणी हसलं नाही. त्यांचा विश्वास बसायचा होता. मग अप्पांनी फार जपून विचारलं, “काय शिकवत होतात?”

“भूगोल.”

“मग शिकवा की, सर,” अप्पा म्हणाले. “म्या फोन त्याच्या कानाला धरतो.”

बजरंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौदा वर्षांची अब्रू, इस्त्रीचा शर्ट, खिशाचं पेन, सगळं त्या क्षणी पणाला लागलं होतं. त्यानं फोन टेबलावर ठेवला, घसा साफ केला, खडू घेतला आणि सवयीनं फळ्यावर शब्द लिहिला, विदारण.

“खडक फुटतो,” त्यानं सुरुवात केली. “पण एका दिवसात नाही फुटत. दिवसा ऊन लागतं, तो फुगतो. रात्री गार पडतो, आकसतो. भेगेत पाणी शिरतं. एखादं झाड मूळ घालतं. खडकाला वाटत असतं, आपण जिथल्या तिथं आहोत, आपलं काहीच होत नाही.”

इथं तो थांबला. का थांबला ते त्यालाही कळलं नाही. रोज गोठ्यात तो असाच थांबायचा, वजीरनं तोंडातला घास संपवेपर्यंत. फोनमधून कडब्याची सळसळ ऐकू आली, आणि मग कुरकुर आवाज, चावण्याचा, संथ, ओळखीचा.

“खाऊन राहिला, सर,” अप्पा कुजबुजले. “थांबू नका.”

बजरंग बोलत राहिला. खडकाची माती कशी होते, आपल्याकडची काळी माती कुठून आली, ती पाणी कसं धरून ठेवते. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पोरं त्या चावण्याच्या आवाजासाठी श्वास धरून बसली होती, आणि आवाज ऐकायचा तर भूगोल ऐकणं भागच होतं. मधली सुट्टी झाली, घंटा वाजली, पण कुणी उठलं नाही. बोलता बोलता बजरंगचे डोळे भरून आले आणि त्यानं फळ्याकडे तोंड फिरवलं. आपल्या शिकवण्यावाचून कुणाचं तरी अडलंय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. ज्याला तो इतकी वर्षं पाण्यात पाहत होता, तोच त्याचा एकमेव विद्यार्थी निघाला होता.

पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ भालकीला तास चालले. अप्पांच्या मालकिणीला विदारणाचे प्रकार तोंडपाठ झाले. अप्पांनी एकदा पाठ रेकॉर्ड करून ठेवला, म्हणजे सरांना त्रास नको. वजीरनं थोडं ऐकलं आणि मान फिरवली. अप्पा हार मानून बजरंगला म्हणाले, सर, तुमी त्याच्या घासाला थांबता, मशीन थांबत नाही.

मग एका दुपारी टेम्पो वाडीत परत आला. वजीर त्यातून उतरला आणि कुणाकडे न बघता सरळ आपल्या गोठ्यात गेला. पेटीतले पैसे जसेच्या तसे होते, बजरंगनं ते अप्पांपुढे ठेवले. ते घेत अप्पा हसले. “बैल पोसायची ऐपत हाय माझी. पर त्याच्यासंगं मास्तर पोसायची न्हाई. माझ्या गाईच घेऊन येतो तुमच्याकडं.”

मुंबईहून आल्यावर अण्णांनी बजरंगला बाजूला घेतलं. बजरंगनं सांगितलं, मन आहे तेवढंच आहे, मोठं होत नाही. त्याचं नाव यादीत कुठं गेलं ते अण्णा जाणे. यादी फाईलमध्ये आहे आणि फाईल मुंबईत आहे. नववीच्या वर्गात मात्र आता खिडकीकडे बघणारं कुणी राहिलं नाही. पोरं म्हणतात, बैल ऐकतो तर आपण का ऐकू नये.

वजीर परतला त्या संध्याकाळी पुनमनं पिशवीच्या तळातून झूल काढली आणि वजीरच्या पाठीवर टाकली. बजरंग शेजारी उभा होता. एक कड वर होत होती, ती त्यानं ओढून सारखी केली. बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली, या बाजूचा गोंडा सुटलाय, बांधा जरा. तेवढ्यावर भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चाकूरहून एक जण गाय घेऊन आला. बजरंग वर्तमानपत्र घेऊन आत गेला नाही. तो अंगणातच उभा राहिला आणि त्यानं गाईवाल्याला बसायला सांगितलं. पुनम एका हातात पेंडीचं टोपलं आणि एका हातात भाकरीचं ताट घेऊन दारात आली. तिनं दोन्हीकडे पाहिलं.

“तुमाला वाढू का आधी?”

“आधी त्याला टाक,” बजरंग म्हणाला. “त्याचा तास हाय.”

त्यानं शर्टाची बाही ठीक केली, पुस्तक उघडलं आणि तो गव्हाणीपुढे उभा राहिला. वजीरनं पहिला घास घेतला, आणि सर सुरू झाले.